लाभ, दोन, तीन

नेरूळला, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून
खाडीची एक चिंधी दिसते.
तिथं आमची दहा मीटरची वाट आहे:
फरशीवर निळी पट्टी, दोन्ही टोकांना खुर्ची,
आणि मी, हातात घड्याळ,
पडलाच कुणी तर कमरेला धरता येईल इतकी जवळ.

सहभागी क्रमांक एकतीस.
हसुराम पदू भोईर, गोठिवली, वय त्र्याहत्तर.
डावी बाजू जाऊन अकरा महिने.
गेली, म्हणतात घरचे,
जणू ती माहेरी गेलीय आणि
दुपारच्या एसटीनं परत येईल.

पहिल्या दिवशी फळीवर उभं केलं.
शरीर कुठं किती झुकलं ते फळीला तळव्यांतून कळतं,
मग पडद्यावर रेघ उमटते.
डोळे मिटायला सांगितले, तर रेघेचा गुंता झाला.
"हे हृदयाचं आहे का?" सुनेनं विचारलं.
नाही, म्हटलं, हे नुसतं उभं राहणं आहे.
मग चपला काढून तीही चढली फळीवर.
तिचाही गुंता निघाला, लहानसा.
उतरल्यावर बराच वेळ ती भिंतीला टेकून होती.

मग चालणं. साधं: एकोणतीस सेकंद.
नंतर दुहेरी काम,
शंभरातून सात-सात वजा करत चालायचं.
इथं सगळेच मंदावतात.
माझा सगळा प्रबंध त्या मंदावण्यावर उभा आहे.
"त्र्यान्नव," म्हणाले, आणि अडले,
पट्टीच्या मधोमध, एक पाय पुढं टाकून.
"पोरी, वजाबाकी शेठची.
आपलं काम भरायचं."

आणि मी काही बोलायच्या आत निघाले.
"लाभ...
दोन...
तीन..."
पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं,
सुनेनं माझ्या कानाशी सांगितलं,
मिठाची रास मोजताना हे असंच.
डोक्यावर काही नव्हतं, तरी मान ताठ झाली.
उजवा हात वर गेला डाल्याचा काठ धरायला.
डावा, इतके दिवस वाळत घातलेल्या पंचासारखा लोंबणारा,
अर्धा उठला
आणि कशाला उठला ते विसरला.
पावलं मात्र पट्टीवर एकापुढं एक,
कोंडीच्या बांधावर पडावीत तशी:
वीतभर चिखल, दोन्ही अंगाला खारं पाणी,
मागून येणाऱ्याची घाई.
अकराला खुर्ची आली.

बावीस सेकंद.
घड्याळ मी उशिरा दाबलं. एकवीसही असतील.

सर म्हणाले, अपवाद आहे, वेगळा काढ.
फॉर्मवर 'बरोबर'ची चौकट आहे, 'चूक'ची आहे,
'वेगळंच मोजलं'ची नाही.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, लाभ.
अजून खोडलेलं नाही, इतकंच.

प्रत्येकाला आम्ही एक कॅलेंडर देतो:
पडलात तर तारखेला गोल करा.
तीन महिन्यांनी त्यांचं परत आलं,
कोपऱ्यावर हळदीचं बोट.
पाच: दूध नको.
नऊ: सिलिंडर आला.
सतरा: बाबा पडले, मोरीत. लागलं नाही.
तेवीस: बाबा पडले. खाडीवर.

खाडीवर? मी फोन लावला.
आगर कधीच गेलं, त्याचे सेक्टर झाले.
तिवरांच्या मागं एक बांध उरलाय म्हणे,
निम्मा खचलेला. कुणाला न सांगता
तिथं गेले होते, रिक्षानं.
"परलो ना," फोन त्यांनीच घेतला होता,
"पन पान्यात नाय. बांधावरच बसलो."
बसलेला माणूसही आमच्या नियमात पडलेलाच धरतात.
ते मी सांगितलं नाही.
किती चाललात, विचारलं.
पलीकडं कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली.
मला वाटलं, मोजतायत.
"लाभ," म्हणाले,
"ना वरती थोरं."